मनूच्या बाई

बाईंना चालताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. शाळेच्या फाटकातून मैदानावर पळत, मैदानावरून नळावर पळत, बाजाराच्या दिवशी मेथीची जुडी घ्यायची तरी पळतच. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पायात कापडी बूट, पिशवी काखेत. त्या वालूरला नव्या आल्या तेव्हा त्यांना असं पळताना पाहून बाजारातली माणसं उठून उभी राहायची. वाटायचं, कुणाच्या घरी काही वाईट घडलं. पुढं सवय झाली. पोरांनी नाव पाडलं 'पळाबाई'. मोठी माणसं 'खो-खोच्या बाई' म्हणत. आमच्या घरात मात्र नुसतं 'बाई'. मी स्वतः अंगणवाडीत बाई. अर्ध्या गावाच्या लेकरांना मी गाणी शिकवली, माझ्या मनूलाही मीच शिकवली. पण मनूच्या तोंडी बाई आल्या की त्या मी नव्हे.

त्या चारठाण्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या धनगराच्या घरातल्या. लहानपणी बापामागं माळावर हिंडलेल्या. खो-खोही त्या तसाच शिकवायच्या. "मागं पळून मेंढरू सापडत न्हाई गं. ते कुठं वळणारय ते बघ, आन् तिथं आधी जाऊन उभी ऱ्हा." शाळेनं त्यांना तासांवर घेतलं होतं. पक्की नोकरी नव्हती, लग्न नव्हतं, बाजारामागं बेकरीच्या वर एक खोली होती, आणि त्या खोलीत सदानकदा आमच्या पोरी.

पडलेल्या मुलीला बाई उचलत नसत. मनू सहावीत होती. मी भाजी घेऊन मैदानावरून येत होते, तेवढ्यात ती खांबाजवळ तोंडावर आपटली. गुडघा सोलला. मी पिशवी टाकून धावले, तर बाईंनी दुरूनच हात वर करून मला थांबवलं. मनूला म्हणाल्या, "आधी उठ. रडायचं ते मग रडू. मी बी रडते तुझ्यासंगं." मनू उठली. लंगडत बाईंपाशी गेली आणि चक्क हसली. गुडघ्यातून रक्त येत होतं, आणि पोरगी हसत होती. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. मी मातीतली वांगी वेचून घरी आले. तेव्हापासून माझ्या मनात जे शिरलं त्याला दुसरं नाव नाही. मला बाईंचा हेवा वाटू लागला.

आमचं घर गुरवाचं. मनूचे बाबा महादेवाची पूजा करतात. घरात बोलणं जपून असायचं. मनू मात्र 'लय भारी' आणि 'मला न्हाई जमायलं' म्हणू लागली. बाबा हसायचे. मला त्यात बाईंचा आवाज ऐकू यायचा. सकाळी दूध नको, मूठभर शेंगदाणे आणि गूळ पाहिजे, कारण बाई तेच खातात. एक दिवस मी तेल-फणी घेऊन बसले तर म्हणाली, "राहू दे आई. वेणी बाई घालतात. तुझी डावात सुटती." फणी हातात घेऊन मी बराच वेळ पायरीवर बसले. शेजारीण म्हणाली, "कुणाची वाट बघायलीस?"

आणखी एक गोष्ट मला फार लागली. मनूला पहिल्यांदा पाळी आली ती मैदानावर. बाईंनी तिला खोलीवर नेलं, सगळं समजावलं, गरम चहा पाजला, आपला सदरा घालायला देऊन घरी पाठवलं. मला कळलं ते दोन दिवसांनी. लेकीच्या आयुष्यातली ती गोष्ट आईनं सांगायची असते. माझ्या आईनं मला कसं समजावलं होतं, ते मी मनूसाठी मनात जपून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

मी तडक बाईंच्या खोलीवर गेले. त्या स्टोव्हवर पोहे परतत होत्या. "या की मनूच्या आई. बसा. घास खाऊन जा."

"खायला नाही आले. असलं काही असलं तर आधी मला कळलं पाहिजे."

बाईंनी स्टोव्ह बंद केला. "मी तिला त्याच दिवशी म्हणलं, जा, आईला सांग. लाजायली. म्हणलं, दोन दिवसांत सांग, न्हाई तर मी येऊन सांगीन. लेकरं आईलाच लाजतात, मनूच्या आई. मला कशाला लाजतील? मी कोण त्यांची?"

वाटभर मी तेच घोळवत आले. 'मी कोण त्यांची' हे बाई कमीपणानं म्हणाल्या की तोऱ्यानं, मला ठरवता येईना. मला राग धरायला काहीतरी हवं होतं आणि बाई ते देत नव्हत्या.

मनू दहावीत असताना हिवाळ्यात जिंतूरला सामने होते. पोरी क्रूझर करून गेल्या, सोबत बाई. दुपारी मनूचा फोन आला. मागं नुसता कल्ला.

"आई, जिंकलो! जिंतूरच्याच पोरींना हरवलं, त्यांच्याच मैदानावर!"

"या मग लवकर. मी शेंगोळे केलेत."

"अगं, आमी चारठाण्याला चाललोत. बाईंच्या आईनं सगळ्यांना जेवायला बोलावलंय."

"आणि मी केलंय त्याचं काय?"

"झाकून ठेव ना आई. सकाळी खाईन."

फोन बंद झाला. मी भांडं झाकलं, जरा आदळूनच.

येताना देवगाव फाटा ओलांडल्यावर दिवेलागणीच्या वेळी रस्त्यात उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. मागं ना दिवा, ना लाल कापड. क्रूझर तिच्यात घुसली. आजूबाजूच्या शेतांतली माणसं धावली. कुणी बाज आणली, कुणी अंगावरची शाल फाडून जखमा बांधल्या, जाणाऱ्या टेम्पोवाल्यानं माल खाली टाकून पोरींना दवाखान्यात नेलं. तीन मुली वाचल्या नाहीत. त्यांतली एक मनू.

त्यानंतर गावानं जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. बाजार भरला नाही. सेलूच्या दवाखान्यात जखमी पोरींना रक्त द्यायला इतकी माणसं आली की शेवटी डॉक्टरांनीच परत पाठवली. तिन्ही घरांत कुणी चूल पेटू दिली नाही. कुणाकडून भाकरी, कुणाकडून पिठलं. बेकरीवाले चाचा सकाळ-संध्याकाळ चहाची किटली स्वतः घेऊन यायचे आणि ओसरीवर बसायचे. जिंतूरच्या हरलेल्या संघातल्या पोरीही आल्या, सामन्यातलेच कपडे घालून. थोडा वेळ भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, मग त्यांच्या कर्णधार पोरीनं आमचा रिकामा हंडा उचलला आणि नळावर गेली. बाकीच्या तिच्यामागं. तिन्ही घरांचं पाणी त्यांनी भरलं.

पण माझं मन कोतं म्हणा, मला त्या सगळ्यात मनू सापडेना. चौकात मोठा फलक लागला, तिघींचे फोटो. मनू तोंड उघडं टाकून हसत होती, कपाळाला माती लागलेली. तो फोटो मी कधी पाहिला नव्हता. ते हसणंही मी घरात पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "कुणी काढला?" कुणीतरी सांगितलं, "बाईंनी." पुढारी येऊन गेले, ते म्हणाले गावाची लेक गेली. अनोळखी बाया गळ्यात पडून रडायच्या आणि मनू कशी होती ते मला सांगायच्या. माझी लेक लोक मला समजावून सांगत होते. कुणी माझ्यापेक्षा मोठ्यानं रडलं की मला वाटायचं, तिला ओरडून सांगावं, गप बस, ती माझी होती.

बाई आल्या तिसऱ्या दिवशी. हात प्लास्टरमध्ये, कपाळावर टाके. चालत आल्या, एक एक पाऊल टाकत. ओसरीवरचा एक गृहस्थ मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "सरळ रस्त्यानं आणल्या असत्या तर? जेवण काय नडलं होतं?" बाईंनी ऐकलं. मान खाली घालून आत आल्या आणि माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

मी विचारलं, "शेवटी कुणापाशी होती?"

"माझ्यापाशी. डोकं मांडीवर होतं."

"काही बोलली?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. ओठ हलले, आणि त्यांनी नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. शेवटची भाकर यांच्या घरची, शेवटची मांडी यांची, आणि आता शेवटचा शब्दही या स्वतःपाशीच ठेवणार.

तरी बाई येतच राहिल्या. रोज संध्याकाळी, एरवी ज्या वेळी मैदानावर असायच्या त्या वेळी. उंबऱ्यावर बसायच्या आणि मनूची एखादी गोष्ट सांगायच्या. ती हरल्यावर कशी एकटीच खांबाला धरून उभी राहायची. लहान पोरीला खेळायला मिळावं म्हणून तिनं एकदा पाय मुरगळल्याचं सोंग कसं केलं होतं. मी भुकेल्यासारखी ऐकायची आणि त्या गेल्या की जळायची. इतकी मनू यांच्याकडं कशी? माझ्याकडं का नाही? पण एखादा दिवस बाई आल्या नाहीत तर मला दारातून हलवत नसे. आणखी एक होतं. गावातल्या बायांनी मला 'मनूची आई' म्हणणं सोडलं होतं. मला वाईट वाटेल म्हणून 'ताई' म्हणू लागल्या होत्या. बाई मात्र आल्या की पहिल्यासारख्याच दारातून म्हणायच्या, "मनूच्या आई, हायत का?"

एक दिवस मीच म्हणाले, "मला चारठाण्याला न्या. तुमच्या आईनं पोरींना जे वाढलं ते मला खायचंय."

बाईंनी कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं गेलो. त्यांचं घर गावाबाहेर, पुढं मेंढरांचा वाडा. म्हातारीनं मला पाहिलं, ओळख सांगायची वेळच आली नाही. "ये माय," म्हणाली आणि चुलीपुढं बसली. ज्वारीची भाकर, उडदाचं वरण, हिरवा ठेचा. मी घास घेतला. तो गिळेपर्यंत म्हातारी थांबली.

"तुझी लेक हितंच बसली व्हती. लय बोलकी. आन् सारखं तुझंच. आमच्या आईचं वरण याच्यापेक्षा दाट असतंय. आमची आई ठेच्यात शेंगदाणे घालती. मला तर वाटलं, ही पोरगी माझ्या सैपाकाला नावं ठिवायलीय!"

म्हातारी बोळक्या तोंडानं हसली आणि हसता हसता पदरानं डोळे पुसू लागली. "जाताना म्हणली, आजी, पोटभर न्हाई जेवत, राग मानू नका. घरी आईनं शेंगोळे केल्यात."

माझा हात ताटातच थांबला. बाई दाराशी उभ्या होत्या. त्या बाहेर निघून गेल्या. मेंढरांच्या वाड्याच्या कुडाला धरून त्या किती तरी वेळ पाठमोऱ्या उभ्या होत्या.

परतताना एसटीत बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला तुमचा लय हेवा वाटायचा, मनूच्या आई. दिवसभर माझ्यापाशी असायच्या पोरी. पण अंधारायला लागलं की सगळ्यांचे पाय घराकडं. कितीबी जीव लावा, मैदान रिकामं व्हायचंच."

इतकी वर्षं मी जे एकटीचं समजत होते ते दुसरीकडंही होतं, आणि ते समोर बसून मला सांगितलं जात होतं. मला हलकं वाटलं असं नाही. पण पहिल्यांदाच मी बाईंच्या खांद्याला खांदा टेकून बसले.

शाळेत पुढं मैदान ओस पडलं. आईबाप पोरींना बाहेरगावी पाठवायला तयार नव्हते. त्यांना तरी काय म्हणणार? जूनमध्ये शाळेनं बाईंना तास दिले नाहीत. लांबच्या एका आश्रमशाळेत त्यांना जागा मिळाली. निघाल्या त्या दिवशी वाचलेल्या पोरी, चाचा, बरेच जण स्टँडवर आले होते. बाईंवर ओसरीवरून बोललेला तो गृहस्थही आला होता. त्यानं बाईंची ट्रंक टपावर चढवली.

बस लागली तशा बाई मला बाजूला घेऊन गेल्या.

"त्या दिवशी तुमी इचारलं. मला सांगता आलं न्हाई."

मी त्यांच्या जवळ सरकले.

"तिचे डोळे मिटलेले व्हते. 'आई' म्हणली. परत म्हणली, 'आई.' माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. मी म्हणलं, 'ओ. हाय गं मी, हितंच हाय.' तिनं ह्योच हात धरला माझा. तुमची जागा मी घेतली, मनूच्या आई. तुमाला कोणत्या तोंडानं सांगू?"

"मग?"

"मग 'बरं' म्हणली. आन् निजल्यावानी झाली."

कंडक्टरनं घंटी मारली. बाई माझ्याकडं बघत उभ्याच होत्या, निकाल ऐकायला उभं राहावं तशा. मी त्यांचा प्लास्टर निघाल्यापासून बारीकच राहिलेला हात दोन्ही हातांत धरला. तो माझ्या गालाला लावला. मनूनं धरला होता तोच हात. मग मीच त्यांना बसमध्ये चढवलं.

हेवा संपला असं मी म्हणणार नाही. ती हाक माझ्यासाठी होती आणि ती ऐकली बाईंनी. आजही भाकरी थापता थापता ते आठवलं की जीव जळतो. पण माझी लेक त्या रस्त्यावर आईला हाक मारत होती आणि तिला ओ मिळाली. ती मिळाली म्हणूनच ती 'बरं' म्हणाली.