डाव्या सीटखालचा पत्रा

आमच्या घरी मोटार होती असं सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटतं आम्ही मोठे जमीनदार असू. तसं काही नव्हतं. लोणारपासून चार मैलांवरच्या गावात आमची कोरडवाहू शेती होती आणि मोटार माझ्या मोठ्या भावानं घरामागच्या गोठ्यात स्वतः जुळवलेली होती. इंजिन आणि चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, लष्करानं लिलावात काढलेल्या डिस्पोजलच्या मालातली, दिवे मोडीत निघालेल्या एका ट्रकचे. वरचा सांगाडा गावच्या सुतारानं सागाचा केला होता आणि त्यावर पत्रा ठोकला होता. दारं दोनच, पुढची. मागं बसायचं तर पुढच्या सीटची पाठ वाकवून चढावं लागे.

दादा सातवीतून शाळा सोडून मेहकरच्या गॅरेजात लागला होता. त्याच्या त्या मेहनतीवर मी अमरावतीला जाऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात बाईमाणूस म्हणजे एकटी वहिनी. मी सुट्टीवरून परत निघालो की पिठल्याची कोरडी वडी, शेंगदाण्याची चटणी आणि आठ दिवस टिकतील अशा दशम्या तीच बांधून द्यायची.

गाडी हौसेची नव्हती. वहिनीची दोन बाळं गेली होती. दुसऱ्या वेळी बाबा तिला दमणीत घालून मेहकरला नेत होते आणि बैलगाडी निम्म्या वाटेवर असतानाच सगळं संपलं. दादा त्या दिवशी कामावर होता. त्यानंतर काही महिन्यांनी गोठ्यात ती चेसिस येऊन पडली.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की दर महिन्याला दाखवायला आणा आणि शेवटी कळांची वाट न पाहता आधीच येऊन राहा. मागच्या बाकावर धचके बसतात, म्हणून तिला पुढं बसवा, हेही सांगितलं. मेहकर, चिखली करत बुलढाणा म्हणजे पंचावन्न मैल. दादा चालवायचा, डावीकडे वहिनी, मागं बाबा आणि मी.

थंडीत कुणाला काही जाणवलं नाही. पाय शेकत जात, बरंच वाटे. फाल्गुन लागला आणि गाडीची भट्टी झाली. दादानं स्टिअरिंग उजवीकडे घेतलं होतं आणि इंजिनातून धूर नेणारा पाइप डावीकडून, नेमका वहिनीच्या पायाखालून, मागं गेला होता. एका फेरीत ती उतरली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि ओठ सुकले होते. डॉक्टरीणबाई दादाला रागावल्या. अशा अवस्थेत बाईला एवढा ताप सोसवायचा नाही, हे पुन्हा चालणार नाही, म्हणाल्या.

घरी आल्यावर दादा मला म्हणाला, "तू बी.एस्सी. झाला ना बे? मंग सांग, ही गर्मी कशी रोकाची."

खरं सांगतो, मला आनंद झाला. त्यानं माझ्यासाठी जे केलं त्यातलं थोडं फेडायची वेळ आली असं वाटलं. उष्णता कशी पसरते यावर मी पेपरात पानं भरून लिहिलं होतं. मी मोठ्या आत्मविश्वासानं पाइपाला अॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायला सांगितली. ती छातीला वाईट, हे त्या काळी कुणाला ठाऊक नव्हतं. कापसाच्या जिनिंगच्या बॉयलरवाल्याकडून ती मिळाली. पायाखाली पोत्याची दुहेरी घडी अंथरली. मग डाव्या सीटवर मी बसलो आणि दादानं मला भर दुपारी मेहकरपर्यंत नेऊन आणलं. गरम होतं, पण सोसण्यासारखं. मग मला चालवायला देऊन दादाही तिथं बसून पाहून आला. आम्ही दोघांनी ठरवलं, जमलं.

पुढच्या फेरीला मी वहिनीला दोनदा विचारलं. ती दोन्ही वेळा "बरं आहे" म्हणाली.

त्या संध्याकाळी ती अंगणात पाणी भरत होती आणि मला दिसलं, की ती तळवा टेकवत नाही, पावलाच्या कडेवर चालते आहे. मी विचारलं तर टाळायला लागली. फार मागं लागलो तेव्हा ओसरीच्या कडेला बसून तिनं पाऊल दाखवलं. तळव्यावर पाण्याचे दोन मोठे फोड होते.

मला कळेना. त्याच जागेवर मी बसलो होतो. मी विचारलं, चपला नव्हत्या का पायात?

"मामाजी मांगं बसेल असते भाऊजी," ती म्हणाली. "त्याइच्यापुढं चपला घालून कशी बसू मी?"

सासऱ्यासमोर सून चपला घालत नसे, हे मला काय माहीत नव्हतं? गावातून जाताना बाया पारावर म्हातारी माणसं दिसली की चपला हातात घेत, ते मी जन्मभर पाहत होतो. पण गाडीत तिच्या चपला तिच्या मांडीवरच्या पिशवीत असतात हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी बूट घालून बसलो होतो, दादाच्या पायात टायरच्या तळाच्या जाड चपला होत्या. आणि पोत्याची घडी धचक्यांनी मैलभरातच सरकून जात होती.

मग सांगितलं का नाही, असं मी जरा चिडूनच विचारलं.

"तुमी दोघं एवढी मेहनत करून राह्यले. तेवढ्यासाठी कायले तोंड उघडू?"

मी बाबांना सांगितलं. ते उठून बाहेर आले. मग अंगणात उभे राहून, वहिनी चार हातांवर असताना, मला म्हणाले, "तिले सांग, चपला घालून बस म्हणा. गाडी आहे ते, देवघर नोहे." वहिनीनं पदर पुढं ओढून मलाच सांगितलं, की तेवढं तिच्यानं होणार नाही. बाबा म्हणाले, मग मी येत नाही. यावर ती पहिल्यांदाच त्यांना ऐकू जाईल असं बोलली. मामाजी येणार नसतील तर तीही जाणार नाही. दमणीत त्या दिवशी तिच्याजवळ फक्त तेच होते.

आता पत्राच थंड करायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी अनवाणी बसलो. पोतं घेतलं नाही. दोन मैलांत पाय वर घ्यावे लागले. मग गाडी उभी करून तळहातानं सगळा पत्रा चाचपला, आणि जे पुस्तकावरून सुचलं नव्हतं ते हाताला कळलं. सगळ्यात जास्त चटका पाइपाच्या वर नव्हता. पाइप ज्या पट्टीनं पत्र्याला आवळला होता, त्या बोल्टांपाशी होता. दोरी गुंडाळून काय उपयोग, पट्टीच सगळी उष्णता वर पोचवत होती.

दादानं पाइप पत्र्यावरून सोडवून चेसिसला टांगला. तेलाचे दोन डबे कापून सरळ केले आणि त्यांचा चकचकीत पत्रा पाइप आणि तळ यांच्यामध्ये बसवला, दोन्हीकडे दोन बोटं जागा सोडून, म्हणजे गाडी पळते तशी मधून हवा पळेल. पाइपाच्या जोडातून थोडा धूर झिरपत होता तो बंद केला. डाव्या बाजूच्या पत्र्याला, पायांपुढं, एक झडप कापली, बाहेरचा वारा पायांवर यावा म्हणून. दर खेपेला मी अनवाणी बसून पाहिलं, मग दादानं. तिसऱ्या दिवशी तो मेहकरहून परत येईपर्यंत पाय खालीच ठेवून बसला आणि उतरल्यावर त्यानं हत्यारं पेटीत ठेवून दिली. त्यावरून मला कळलं.

वैशाखात आम्ही तिला शेवटचं घेऊन निघालो. ठरल्यापेक्षा आठ दिवस आधी, कारण सकाळपासून तिची कंबर दुखत होती. ऊन तापलेलं होतं. मेहकरला पेट्रोलसाठी थांबलो तेव्हा बाबा खाली उतरले. मला वाटलं पाय मोकळे करायला. ते फिरून डाव्या दाराशी आले, दार उघडलं, खाली वाकले आणि वहिनीच्या पावलांशेजारी पत्र्यावर तळहात टेकवला.

वहिनीनं एकदम पाय वर घेतले. सासऱ्याचा हात सुनेच्या पायापाशी, असं आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. पेट्रोल भरणारा माणूसही बघत राहिला. बाबा तसेच वाकून राहिले, हात उलटासुलटा टेकवून दोनदा पाहिलं.

"थंड आहे," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग तिच्याकडे न पाहता, "ठेव बेटा पाय खाली."

तिनं ठेवले. ती डोळे पुसत होती.

चिखलीला त्यांनी पत्रा पाहायला पुन्हा गाडी थांबवली. तिथून पुढं दादा म्हणाला, बाबा, आता बुलढाण्यापर्यंत थांबणार नाही मी. बाबा म्हणाले, नको थांबू, पण त्या चढावर जरा सावकाश घे.

मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा दादा भिंतीला टेकून खाली बसला. दहा दिवसांनी परत आलो. एवढ्या रस्त्याला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वेळ लागला, कारण आता बाळ पुढं होतं आणि बाबांना दर पाच-सात मैलांवर पत्रा चाचपून पाहायचा होता.