आठवी वेणी

लातूर जिल्हा झाला, त्या हिवाळ्यात मी दोन किलो मैदा, साखर आणि तूप तोलून भट्टीवर नेलं. दुष्काळात आम्हाला पाणी देणाऱ्या सात घरांना गोड पाव वाटायचा होता. भट्टीवर पाणीही आपलंच न्यावं लागे. नेमकं तेच मी विसरलो.

भट्टीवाले चाचा म्हणाले, "इतके हिशेबी तुम्ही, न् पानीच न्हाई?" मग स्वतःच्या पिण्याच्या घागरीतलं पाणी ओतून त्यांनी मैदा मळला. खमिरानं तो फुगल्यावर तीन-तीन पेडांच्या वेण्या घातल्या. भाजून आठ निघाल्या.

"घरं सातच आहेत, चाचा."

"एक तुमच्या लेकरायला ठेवा. वाटनाऱ्याच्या घरी बी गोड पायजे."

मजुरी त्यांनी घेतली, पाण्याचं काही घेतलं नाही. आठवी वेणी मी त्यांच्याच हातावर ठेवली. पाणी देणारं आठवं घर तेच होतं.