सकाळची फेरी पोरींची

गाव सोडलं तेव्हा मी कापसावर बसून निघाले. मेटॅडोर कळंबच्या जिनिंग कारखान्याला चालली होती, समोर केबिनमध्ये व्यापाऱ्याची माणसं. बाबांनी मला वर चढवलं. आई खालून म्हणाली, "जयभीम बाई. दोरी धरून बस, झोपू नको."

शाळा त्याआधीच सुटली होती. सातवीनंतरची शाळा कळंबला. आणि वेचणी सुरू झाली की गावातली एकुलती गाडी कापसाची. एसटी आली तर आली. मग मीही वेचायला लागले. बोंडअळीनं वावरं खाल्ली त्या वर्षी तेही काम गेलं.

चाकणला मावशीनं कंपनीत लावून दिलं. तिचे उपकार फिटायचे नाहीत. बॅटरीवरच्या ऑटोचं वायरिंग जोडते मी. कॅन्टीनला गरम जेवण आहे. काँट्रॅक्ट रिन्यू होईल का, ही धाकधूक मात्र उशाशीच.

सोने, माझे धाकटे, तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी कंपनीत वायरी जोडतच होते. आपल्या बचत गटानं तसलीच ऑटो घेतली. त्याआधी बायांनी समाजमंदिरात फरशीवर सरकी मांडून रस्ते काढले म्हणे: गाडी कुठून जाईल, कुठं थांबेल, छतावरच्या सोलरवर कधी चार्ज होईल. कापूस आधी की माणसं, यावर भांडण झालं. तेव्हा आपली आई उठली. "कापूस दुपारी गेला तं काय होते? पोरगी घरी राह्यली तं राहूनच जाते."

तू हसत सांगत होतीस. माझ्या हातातली वायर तशीच राहिली. आई हे माझ्या वेळी कुठं बोलली होती? तुझ्यासाठी बोलली. माझ्याकडं बघून शिकली आणि तुला दिलं. जळले मी सोने, खरंच जळले.

हिवाळ्यात गावी आले होते. परतायच्या सकाळी बॅग घेऊन ऑटोत जाऊन बसले, ऐटीत. चालवायला सुनीताकाकू. मागं वळून म्हणाल्या, "बाई, उतर वं. सकाळची फेरी पोरींची हाय. तुले दहाच्या फेरीत नेतो."

"काकू, ही गाडी आमीच बनवतो!"

"मंग तं तुले नियम आधी समजाले पायजे."

पोरी खिदळल्या. तूही. खाली दप्तर घेऊन एक उभी होती, आठवीतली असेल. मी उतरले. सोडायला आलेली आई म्हणाली, "कंपनीची मॅडम उतरली रे!" आणि माझी बॅग तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतली. घरी परत आलो. मग चहा ठेवता ठेवता, पाठमोरीच म्हणाली, "तुयासाठी बोलाची हिंमत नोती तवा."

दहाच्या फेरीनं गेले.

इथं कोणी विचारलं, घर कुठं, तर यवतमाळ सांगते. मनात मात्र ती सकाळची ऑटो येते, जिच्यात मला जागा नाही. जीव जळतो अजून. पण वायरचा प्रत्येक जोड दोनदा ओढून बघते. एकही ढिला सुटू देत नाही. काय सांगावं, कोणती गाडी कोणत्या पोरींची.