येळवशीला उभी तूर

आमच्या अण्णांना शेत पिकवण्यापेक्षा शेत दाखवण्याची हौस भारी. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. उदगीरच्या अलीकडे त्यांचं आणि आमचं शेत बांधाला बांध लागून. गाव त्यांना आदराने अण्णा म्हणे, मी मनातल्या मनात शोकेस अण्णा म्हणायचो.

तूर वाळली की कापायची, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. अण्णांना कळत नव्हतं असं नाही, पण मध्ये येळवस यायची. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा होते, पाहुणे अंबील-भज्जीवर ताव मारतात. त्या दिवशी शेत भरलेलं दिसलं पाहिजे, हा अण्णांचा हट्ट. कापायचं नाव काढलं की म्हणत, "मग पावन्यायला काय खुटं दाखवू?" पाहुणे जेवायला येतात, पीक तपासायला नाही, हे त्यांना कोण सांगणार.

सांगायची ती काकू. तिने कंधारकडच्या माहेराहून पांढऱ्या तुरीचं बी आणलं होतं आणि दरवर्षी तेच पेरून नव्या पिकातलं बी राख लावून मडक्यात जपलं होतं. आईच्या हातचं तेवढंच तिच्यापाशी उरलेलं. एका वर्षी तूर लवकर वाळली, वर कोरडं वारं सुटलं. काकू रोज म्हणायची, "आवो, शेंगा तडकून राहिल्यात. पहाटं दवात कापू, दाना सांडत न्हाई." अण्णा मिशीवर हात फिरवत म्हणत, "येळवस होऊ दे. लई घाई बरी न्हाई." उभ्या जन्मात या गृहस्थांना घाई झाली ती फक्त पानावर बसताना.

येळवस आली. लातूरचे पाहुणे आले, तुरीत उभं राहून फोटो काढून झाले. "तूर असावी तर अण्णाची," असं कुणीतरी म्हणालं आणि अण्णा फुगले. पोरं ओळींतून पळत होती, धक्का लागेल तिथे शेंगा फुटत होत्या. एक दाणा उडून माझ्या पत्रावळीत पडला. अण्णा म्हणाले, "बघा, आमची तूर आपल्या पायानं ताटात येती." सगळे हसले. काकू तेवढी उठून कोपीमागे गेली.

कापणी झाली तेव्हा निम्मी तूर भुईवर होती. काकू खराट्याने माती गोळा करून सुपात पाखडत बसली. जी घरात आली, तिला उभ्या रानातच कीड लागलेली. उन्हाळ्यात मडकं उघडलं तर दाण्यादाण्याला भोक आणि राखेत भुंगे. माहेरचं बी संपलं. काकू त्या दिवशी जेवली नाही. अण्णा जेवले. मला तेव्हा आलेला राग आज लिहितानाही येतो आहे.

पुढच्या पावसाळ्यात कोपीच्या जागेपाशी, सांडलेल्या दाण्यांतून चार-दोन झाडं आपसूक उगवली. काकूने त्यांना काट्यांचं कुंपण केलं आणि शेंगा वाळताच, अण्णांना न विचारता, तोडून आणल्या. मडक्यात पुन्हा बी आलं. तर हे महाशय गावभर सांगत सुटले, "म्या सांडू दिली म्हणून बी राहिलं." पडलो तरी नाक वर म्हणतात ते हेच.

अण्णा जाऊन आता वर्ष उलटलं. माणूस वाईट नव्हता. दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही, आणि पाहुण्याने एकदा 'वा' म्हटलं की त्यावर महिनाभर खूश असायचे. मला त्यांची आठवण येते, आणि आली की त्यांच्याशी कडाकडा भांडावंसं वाटतं.

यंदा तूर वाळली तशी काकूने बायका लावून पहाटेच्या दवात कापून घेतली. येळवशीला शेतात नुसती खुटं. कोपीत बसलेले लातूरचे पाहुणे हळहळले, "अण्णा असते तर शेत कसं भरलेलं दिसलं असतं."

काकू अंबील वाढत होती. हात न थांबवता म्हणाली, "हाव, दिसलं असतं. आन् मडकं रिकामं राहिलं असतं. घ्या, अजून थोडी घ्या."