रिकामा लाल डबा

कारखान्यात सगळे त्यांना घारकाका म्हणत. नजर घारीची, म्हणून. तेवीस वर्षं ते एकाच खुर्चीत बसून एकच काम करत होते: दाब मोजणाऱ्या सेन्सरवर कचरा पडलाय का, ते बघायचं.

सेन्सर मसुराच्या दाण्याएवढा. त्याच्या वाटीत पारदर्शक जेल भरलेलं. खालच्या तारा केसाहून बारीक. त्यांना ओल लागू नये आणि दाब मात्र पोचावा, म्हणून ते जेल. पण ते कधीच सुकत नाही. त्यावर धुळीचा कण बसला की बसलाच. पुसायला जावं तर जेल फाटतं, तारा तुटतात. म्हणून तिथली माणसं ट्रे नेहमी पालथे धरून चालत; दाणे खाचांत घट्ट बसलेले असत. नवखा माणूस बघून हसायचा आणि आठवडाभरात स्वतःही तसाच चालायचा.

घारकाका तिरक्या दिव्याखाली भिंग लावून एकेक दाणा बघत. खराब दिसला की चिमट्याने उचलून लाल डब्यात. बाकीचा ट्रे शेजारच्या मावशींकडे. त्या प्रत्येक सेन्सरवर टोपी बसवत. एकदा टोपी बसली की आत काय आहे ते कुणालाच दिसत नसे.

हे सेन्सर इस्पितळातल्या श्वासाच्या यंत्रांत जात. जेलवर काही चिकटलं तर सेन्सर लगेच बिघडत नाही. महिना-दोन महिने बरोबर सांगतो, मग हळूहळू खोटं बोलू लागतो. छातीत हवा गेली नाही तरी गेली म्हणतो.

अलीकडे लाल डबा रिकामा राहू लागला होता. साहेबांनी भिंतीवरच्या आलेखावर खराब मालाची उतरती रेघ दाखवून सगळ्यांसमोर काकांची पाठ थोपटली होती. मावशी म्हणाल्या होत्या, "काका, तुमच्या धाकानं धूळसुद्धा नोकरी सोडून गेली वाटतं." काका लाजून हसले होते. आपलं कौतुक झालं, हे त्यांनी घरी दोनदा सांगितलं होतं.

रविवारी दुपारी ते जेवायला बसले. दुसऱ्याच घासाला दाताखाली कचकन खडा आला.

"डाळ कुणी निवडली?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच की. सकाळी तासभर बसला होतात," बायको म्हणाली. "मी म्हटलं होतं, द्या इकडे. तर म्हणालात, ज्याचं काम त्यानं करावं."

काकांनी निवडलेल्यातली उरलेली कच्ची डाळ दुसऱ्या ताटात ओतली, खिडकीशी नेली. स्वच्छ होती. एकसारखी पिवळी. त्यांनी ताट बायकोपुढे धरलं. ती उभ्या उभ्याच बोटाने खडे टिपू लागली. एक. दोन. तीन. मग तिने वर बघितलं आणि तिचं बोट थांबलं.

"अहो, कधीपासून?"

"चष्मा मळलाय," काका म्हणाले.

तिने चष्मा काढून घेतला, पदराने पुसला, उजेडात धरला. "मळलेला नाहीये," ती म्हणाली.

कारखान्यात दर वर्षी डोळे तपासत. तक्ता तोच, तेवीस वर्षं. शेवटची ओळ काकांना पाठ होती. यंदा त्यांनी ती धडाधड म्हटली होती. आपण वाचत नाही, आठवून म्हणतोय, हे तेव्हा त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. की आलं होतं? जेवण तसंच राहिलं.

सोमवारी ते सगळ्यांच्या आधी पोचले. शनिवारी पास केलेला ट्रे अजून टोपीविना, झाकणाखाली होता. मावशी आल्या तशी त्यांनी आपली खुर्ची मावशींना दिली.

"बसा. काय दिसतं सांगा."

"मी? घारीच्या घरट्यात चिमणी?" मावशी हसत भिंगावर वाकल्या. हसू विरायला वेळ लागला नाही. त्या रांगेरांगेने भिंग सरकवत गेल्या.

"तिसऱ्या रांगेत तंतू आहे. चौथीत दोन ठिकाणी कण. आणि इथे..." त्यांनी काकांकडे न बघता म्हटलं, "इथे भुवईचा केस आहे. पांढरा."

कारखान्यात पांढऱ्या भुवया एकाच माणसाच्या होत्या. काकांनी नकळत स्वतःची भुवई चाचपली.

"काका, अजून टोप्या बसल्या नाहीत," मावशी हळूच म्हणाल्या. "हे खराब दाणे मी वेचून टाकते. दोन वर्षंच राहिलीत तुमची. रोज मी तुमच्या आधी येत जाईन."

"आणि गेलेले?"

मावशींनी खिडकीबाहेर पाहिलं. फाटकाबाहेर गाडीत खोकी चढत होती.

काका साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी मान वर केली. "या काका. आजही डबा रिकामाच ना?"

"गाडी थांबवा, साहेब. मला दिसत नाही."

साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी फाटकावर फोन करून गाडी थांबवली. खुर्चीत मागे रेलत त्यांनी विचारलं, "कधीपासूनचा माल?"

काका भिंतीवरच्या आलेखाजवळ गेले. नाक कागदाला टेकेपर्यंत वाकले. रेघ जिथे उतरू लागली होती, ती जागा शोधून त्यांनी तिथे बोट ठेवलं. पाठ थोपटली होती त्या दिवसाच्या चार महिने मागे.

साहेबांनी पुन्हा फोन उचलला आणि पहिल्या इस्पितळाचा नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजू लागली. काकांचं बोट आलेखावरच होतं. घंटी वाजत राहिली, आणि उचलायला कुणी येईना.