खारीचा दुधाचा दात

सुरतेच्या डिंडोलीतल्या त्या बाईंचं आधी सांगते, कारण त्यांनी ‘जा’ म्हटलं नसतं तर मी गेलेच नसते.

बाई नागपूरकडच्या. लाखो वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या लहान प्राण्यांचा अभ्यास करायच्या. नदीकाठची माती पोत्यांनी यायची. ती चाळणीत धुवायची, वाळवायची आणि ओल्या ब्रशच्या टोकानं त्यातून खारींचे दात वेचायचे, हे माझं काम. माझी शाळा सातवीतच सुटलेली. नवरा कापडाच्या लूमवर, खोलीत दाटी, म्हणून लेक खानदेशात आईजवळ ठेवलेली. “दात वेचायचा पगार! सुरतेत काय पण चालतं,” हे हसायचे. मला मात्र रोज धास्ती, माती संपली की काम संपेल.

एकदा तिळाएवढा एक दात निराळाच निघाला. आधीचे सगळे एकाच जातीच्या खारीचे. हा त्यांच्याशी जुळेना. नवी जात ठरली असती तर नाव बाईंनी ठेवलं असतं. त्या मायक्रोस्कोपपासून जेवायलाही उठेनात. शेवटी म्हणाल्या, “अगं, हा दुधाचा दात आहे.”

“खारीला दुधाचे दात?”

“पिल्लू दूध पितं ना? मग! मुळं बघ कशी फाकलीत. खाली पक्क्या दाताला जागा ठेवलीय. त्याच खारीचं पिल्लू हे. नवी जात गेली, पिल्लू मिळालं.”

मला रडूच फुटलं.

“जात माझी गेली, रडतेस तू!”

तेव्हा सांगितलं. गावाहून भाऊ आला होता. लेकीचा पहिला दात हलतोय, कुणाला हात लावू देत नाही. “माय येई तव्हयच,” म्हणते. रजा मागायचा मला धीर होत नव्हता.

“मग इथं काय करतेस? जा. लाखो वर्षं थांबलेली माती आठवडाभरात कुठं पळत नाही.”

सकाळीच भुसावळच्या गाडीत बसले. लेक आधी ओळख धरेना, आईच्या मागं लपली. संध्याकाळी आपणहून मांडीवर येऊन बसली आणि माझं बोट धरून दातावर ठेवलं. फुंकरीनं पडेल इतका ढिला. तरी मी ओढला नाही. तो पडला की मला निघावं लागेल, असंच वाटत राहिलं. निघायच्या दिवशी भाकरी खाताना तो आपोआप निघाला. दोघींनी मिळून कौलांवर फेकला, आणि मी सुरतेची गाडी धरली.

पुढं बाई सुरत सोडून गेल्या, त्याला बरीच वर्षं झाली. मला ओळखतील की नाही, ही धाकधूक आहेच. पण त्यांच्याकडं न वेचलेली माती असणारच. एक दिवस जाईन, चष्मा लावून बसेन आणि शेवटच्या कणापर्यंत निवडून देईन. पगार घेणार नाही.