चतुर्थीचं वजन

आमच्या गाडीचे पहिले प्रवासी म्हणजे वाळूच्या गोणी. नवी गाडी माणसांच्या हवाली करण्याआधी तिच्यात माणसांच्या वजनाइतक्या गोणी भरायच्या, ती वेगात सोडायची आणि ठरलेल्या अंतरात थांबते का ते बघायचं, अशी पद्धत आहे. खारेपाटणपासून सावंतवाडीपर्यंत दिवसभर ये-जा करणारी, स्टेशनागणिक थांबणारी विजेची गाडी आमच्या कारखान्यात तयार झाली आणि चाचणीसाठी माझ्याच जिल्ह्यात आली. तिचे ब्रेक माझ्याकडे होते. मुलगी काय करते असं गावात कोणी विचारलं की बाबा सांगायचे, "चेडू गाड्यो थांबवता." त्यावर एका काकींनी मनापासून विचारलं होतं, कुठच्या फाटकावर? बाबांनी खुलासा करायची तसदी घेतली नाही, उलट आठवडाभर हसत राहिले.

फाटकावरही गाड्या थांबवता येतात, पण माझं काम थोडं वेगळं होतं. ही गाडी थांबताना आधी तिची मोटरच उलटं काम करते, वेग खाते आणि त्याची वीज करून वरच्या तारेत परत पाठवते. वेग अगदी उतरला की हवेचा ब्रेक पुढचं काम हाती घेतो. या दोघांची अदलाबदल आत बसलेल्या माणसाला कळता कामा नये. त्या एवढ्याशा क्षणावर मी कित्येक वर्षं डोकं फोडलं होतं, आणि तो माझ्याइतका चांगला दुसऱ्या कोणाला जमला नसता असं मला तेव्हाही वाटायचं. विनय हा आमच्या घराण्यातला गुण नाही.

चाचणी नियमाप्रमाणे झाली आणि गाडी पास झाली. साहेबांनी पेढे वाटले. आमचे साहेब विदर्भातले, कामाला वाघ आणि कागदाला पक्के. मी मात्र पेढा हातात धरून गोणींकडे बघत बसले होते. किती माणसं बसणार, किती उभी राहणार, प्रत्येकाचं वजन किती, सगळं तक्त्यात होतं. सामान मात्र नावाला. शिवाय गोणी सगळीकडे सारख्या पसरलेल्या. मी साहेबांना म्हटलं, हा तक्ता हात हलवत प्रवास करणाऱ्यांचा आहे आणि तसा माणूस सिंधुदुर्गात जन्माला यायचा आहे. आमच्याकडे लेकीकडे जाणारी बाई तांदूळ, नारळ आणि एखादा फणस घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. चतुर्थीच्या बाजाराला तर गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटवीचं सगळं सामान, केळीचे घड, फटाक्यांची खोकी, आणि हे सगळं घेऊन प्रत्येक जण दारातच उभा, कारण उतरायची घाई. मला तेवढं वजन भरून, तेही दारांपाशी रचून, पुन्हा चाचणी हवी होती.

साहेब म्हणाले, पास झालेला पेपर कोणी परत मागतं का? त्यांचंही खोटं नव्हतं. जादा वजनावर गाडी अडखळली असती तर तेही लिहावं लागलं असतं, गाडी कारखान्यात परत गेली असती आणि यंदाची चतुर्थी हुकली असती. जिल्हाभर लोक डोळे लावून बसलेले. गाडी परत गेली असती तर खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं. पण चतुर्थीच्या गर्दीत पहिल्यांदाच हा हिशेब पुढे आला असता तर? रात्री घरी मी ताटावर बसून हीच चिडचिड केली. बाबा मान खाली घालून भात कालवत राहिले. मला वाटलं, त्यांचं लक्षच नाही.

दुसऱ्या दिवशी गोणी उतरवायच्या होत्या. ते काम करणारी माणसं आसपासच्या गावांतली. त्यांनी साहेबांना सांगितलं की एवढं मोठं काम पार पडलं, आता देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय गोणीला हात लावायचा नाही. आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा, म्हणून त्यांनाच बोलावलं. कुडाळच्या अलीकडे बाजूच्या रुळावर गाडी उभी होती. तिच्यासमोर नारळ ठेवून बाबा हात जोडून उभे राहिले आणि आम्ही सगळे मागे. प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं असतं, हे साहेबांना कोणीतरी सांगितलं होतं आणि ते सगळ्यांत खणखणीत म्हणत होते.

रखवाली कर, इडापिडा टाळ, असं नेहमीचं मागून झालं. मग बाबांचा आवाज जरा चढला.

"बा देवा महाराजा, कागदावरच्या माणसांच्या वजनान ही गाडी थांबली, तां तुया बघलंस. पण चतुर्थेक आमची माणसा रिकाम्या हातान येवची नाय, तां तुका म्हायत आसा आणि माज्या चेडवाक म्हायत आसा. तेवां आसत त्या गोणींवर आणखी गोणी चढू देत. गाडी थांबाची नसात, तर तां आजच कळू दे. चतुर्थेक नको, रे महाराजा."

"होय महाराजा," सगळे म्हणाले. साहेबही म्हणाले.

बाबांनी देवाकडे माझं यश मागितलंच नव्हतं. आयुष्यात कधी तोंडावर शाबासकी न देणारा माणूस, पण माझ्या कामाचं मर्म देवाला सांगून मोकळा झाला होता.

गोणी उतरवायला आलेल्या माणसांच्या दृष्टीने आता विषय संपला होता. त्यांनी गोणी उतरवायच्या ऐवजी आणखी चढवायला घेतल्या. साहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले की मी आपलं पद्धत म्हणून 'होय' म्हटलं. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे हे नुसतं म्हणत नाहीत. त्यांनी गोणींकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि मग त्यांना हसू आलं.

"नापास झाली तर नापास लिहीन हं," ते म्हणाले.

रीतसर परवानग्या आल्या, मार्ग मोकळा मिळाला आणि गाडी सुटली. ती थांबली ठरलेल्या अंतरातच, पण थांबता थांबता असा हिसका बसला की दारातल्या गोणी धडाधड खाली आल्या. तिथे माणसं असती तर एकमेकांवर पडली असती. साहेबांनी शब्द पाळला आणि नापास लिहिलं. मी त्याच डब्यात यंत्रं मांडून बसले. कारण सापडलं ते हास्यास्पद होतं. ठरलेल्या भरगच्च वजनापुढे आमचा संगणक वजन मोजायचंच सोडून देत होता. वजन मोजायचं राहिलं की ब्रेकची अदलाबदल चुकायची. गाडी परत न्यायची गरज नव्हती. मी हिशेब नव्याने बसवला, वजन आणखी वाढवून गाडी पुन्हा पुन्हा पळवली, आणि एकही गोण जागची हलली नाही तेव्हाच साहेबांना सही करू दिली. आज आमच्या कारखान्यात कुठल्याही राज्यासाठी गाडी बनली तरी तिची एक चाचणी जादा सामान दारांपाशी रचून होते. तिकडचे इंजिनियर तिला 'चतुर्थीचं वजन' म्हणतात. त्यांतल्या बहुतेकांनी कुडाळ नकाशावरसुद्धा पाहिलेलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी कणकवलीला त्या गाडीत चढले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. काकड्या, नारळ, तांदळाची पोती, सगळं दारात, आणि त्यावर रेलून माणसं भांडत, हसत, बाजारभाव सांगत होती. कुणीच कशाला धरलेलं नव्हतं. कुडाळ जवळ आलं तशी मी दारातल्या पोत्यांवर नजर लावली. मोटरने वेग खाल्ला, हवेच्या ब्रेकने हात घातला. माझ्याशिवाय कोणाला काही कळलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की हे मी केलंय.

शेजारची म्हातारी केळीचा घड पोटाशी धरून शेजारणीला सुनेच्या कागाळ्या सांगत होती. गाडी उभी राहिली, दारं उघडली, तरी तिचं बोलणं चालूच. मग बाहेरचा गलबला ऐकून ती माझ्याकडे वळली.

"कुडाळ इला काय गो?"

"इला, आजी," मी म्हटलं, आणि तिचा घड उतरवायला हात दिला.